शंभरातला वाटा

निकाल वाचून झाला तरी केतकी वझलवार खुर्चीवरून उठली नाही. तिचे वकील निशिकांत पराते यांनी वाकून तिच्या कानाशी सांगितलं, "ताई, सुटलात." तिनं मान हलवली. घरी आल्यावर नवऱ्यानं, श्रीरंगनं, सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. तिनंही एक खाल्ला. गोड आहे एवढं जिभेला कळलं. पुढे काही नाही.

केतकी चोपन्न वर्षांची होती. सतरा वर्षं ती रोज सकाळी आठ वाजता नागपुरातल्या एका लहानशा स्टुडिओतून 'सकाळची ओसरी' हा कार्यक्रम करत आली होती. चाळीस लाख माणसं तो फोनवर ऐकत. त्यात भाजीचे भाव असत, गाणी असत, सांधेदुखीचे उपाय असत, कुणीतरी पाहुणा असे. लोक तिला डॉक्टर मानत नव्हते. घरातली मानत होते, आणि ते डॉक्टरपेक्षा जास्त होतं.

घडलं ते दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. त्या सुमाराला विदर्भाचा उन्हाळा बदलला होता. पूर्वी ऊन कोरडं असे. आता एप्रिलपासूनच हवेत दमटपणा यायला लागला होता. माणसाचं शरीर घाम वाळवून थंड होतं. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि उष्णता आतच साठत जाते. अशा हवेत धडधाकट माणूसही पाच-सहा तासांत मरू शकतो. कठीण भाग असा की शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत त्याला वाटत असतं, अजून थोडं काम होईल.

म्हणून सरकारनं उन्हात राबणाऱ्यांना मनगटावर बांधायचे उष्मापट्टे दिले होते. पट्टा त्वचेचं तापमान, नाडी आणि घामातलं मीठ मोजायचा आणि शरीर हार मानायच्या अर्धा तास आधी जोरात थरथरायचा. मग काम टाकायचं, सावली गाठायची, मिठाचं पाणी प्यायचं. एवढंच. पहिल्याच वर्षी पट्ट्यांच्या गावांत उष्माघाताचे मृत्यू निम्म्यावर आले.

त्या सकाळी कार्यक्रमाचा पाहुणा आला नाही आणि सात मिनिटं भरायची राहिली. समोर श्रोत्यांची पत्रं होती. एका बाईंनी लिहिलं होतं, पट्टा घातल्यापासून छातीत धडधडतं, काढला की थांबतं. केतकीनं ते वाचून दाखवलं आणि आपल्या नेहमीच्या मायेच्या आवाजात म्हणाली, "मी काही शास्त्रज्ञ नाही बरं. मी फक्त विचारते. दिवसभर नाडीवर वीज टकटक करणारी वस्तू बांधायची, तर ती हृदयाला काय करते हे कुणी तपासलंय का? माझी बहीण असती तर मी म्हटलं असतं, बाई गं, काढून ठेव."

तपासलेलं होतं. दोन वर्षं तपासलेलं होतं. तिनं एक फोन केला असता तर कळलं असतं.

तेवढा तुकडा कुणीतरी कापून पुढे पाठवला. चार दिवसांत तीन लाख पट्टे उतरले. चौथ्या दिवशी आरोग्य खात्याचं पत्र आलं, आणि केतकीनं कार्यक्रमाच्या शेवटी वीस सेकंदांचा खुलासा केला. पुढच्या आठवड्यात उष्णतेची लाट आली. पट्टा काढून ठेवलेली दोनशे बारा माणसं मेली.

खटला उभा राहिला तो 'मागोवा' या संगणक यंत्रणेमुळे. तोपर्यंत कायद्यानं प्रत्येक प्रसारित आवाजात कानाला न कळणारी खूण घालणं सक्तीचं झालं होतं. तुकडा किती वेळा कापला, कुठल्या फोनवर गेला, किती वाजता वाजला, हे त्या खुणेवरून कळे. पट्टा कधी निघाला, त्या वेळी जवळ कुठला फोन होता, हे पट्ट्यात नोंदलेलं असे. या दोन नोंदी एकमेकींवर ठेवून मागोवा सांगायचा की माणसानं निर्णय कुणाचं ऐकून घेतला. वादळात टॉवर पडल्यामुळे काही गावांत ती क्लिप पोचलीच नव्हती. त्या गावांशी तुलना करून मागोव्याच्या अहवालानं सांगितलं की कार्यक्रम झाला नसता, तर दोनशे बारांपैकी निदान दीडशे माणसं जगली असती.

पण कायदा विचारत होता ते वेगळं होतं. या एका माणसाच्या मृत्यूत या एका प्रसारकाचा वाटा शंभरात पन्नासाच्या वर आहे का? नुसती क्लिप ऐकून पट्टा काढणारे थोडे होते. घरच्या माणसानं क्लिप ऐकवून 'काढ' म्हटल्यावर काढणारे पुष्कळ. हा जो फरक, तो मागोवा सांगणाऱ्याच्या वाट्याला टाकायचा. मेलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत असं कुणीतरी मधे होतंच, म्हणून एकाही मृत्यूत केतकीचा वाटा शेहेचाळिसाच्या वर गेला नाही. न्यायाधीश म्हणाल्या, "नैतिक जबाबदारी आहे असं या न्यायासनालाही वाटतं. पण शिक्षा वाटण्यावरून देता येत नाही."

उरलेला मोठा वाटा कुणाचा, ते न्यायालयात वाचलं गेलं नाही. ती पानं सीलबंद होती, कारण जवळजवळ प्रत्येक पानावर नवऱ्याचं, मुलाचं, सासूचं किंवा शेजारणीचं नाव होतं. बचावासाठी म्हणून ती फक्त आरोपीला दिली होती. केतकीनं ती सगळी वाचली होती. दोनशे बारा.

निकालानंतर दीड महिन्यानं, सकाळी दहाच्या सुमाराला, एक माणूस तिच्या दारात उभा राहिला. पंचेचाळिशीचा, उन्हानं रापलेला, हातात चपला काढून घेतलेल्या.

"मी गिरिधर नन्नावरे. सिंदेवाहीकडून आलो. माही बायको शेवंता, तुमच्या त्या यादीत हाय."

श्रीरंग मधे आला. "केस संपलीय. जे बोलायचं ते वकिलांशी बोला."

"भांडाले नाई आलो जी," गिरिधर म्हणाला. "एक इचाराले आलो."

केतकीनं त्याला आत घेतलं. शेवंताचं पान तिला आठवत होतं. एकशे सदतिसावं.

त्यानं पाणी घेतलं, पण प्याला नाही. शेवंता तेंदूपत्ता तोडायला जायची, त्यानं सांगितलं. पहाटे जंगलात, अकराला घरी, दुपारभर पुडके बांधायचे, सायंकाळी ठेकेदाराच्या फडीवर मोजून द्यायचे. क्लिप त्याला सकाळीच आली होती. सायंकाळी शेवंता फडीवरून आली तेव्हा त्यानं तिला ती ऐकवली. पुढच्या आठवड्यात, लाटेच्या तिसऱ्या दिवशी, ती जंगलात मोहाच्या झाडाखाली पडलेली सापडली. पट्टा घरात खुंटीला.

"त्या सकाळी जंगलात बाया तुमचा कार्यक्रम लावूनच पत्ता तोडत होत्या," तो म्हणाला. "मंग तिनं तवाच काढला, का मी आयकवल्यावर काढला? एवढंच मले पायजे. कचेरीत गेलो होतो. तिथला बाबू म्हनला, पान पाह्याचं असंल तर आधी लिहून द्या की ते झाकलेलं नाव तुमचंच हाय. आता नाव माहं हाय का, हेच तर मले पाह्याचं हाय. मी कसा लिहून देऊ? दोनदा गेलो. दोन्ही डाव पेन हातात घेतला आन वापस आलो."

"ऐकवलं तेव्हा मनगटावर पट्टा होता का, ते तुम्ही पाहिलं नाहीत?"

"पायलं असंल. आता आठवत नाई." त्यानं चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "पोरगी इचारते, बाबा, आईनं पट्टा काहून काढला? बारावीले हाय. मी म्हनतो, माहीत नाई."

पान केतकीच्या डोळ्यांपुढे होतं. क्लिप शेवंताच्या जवळ पहिल्यांदा वाजली ती सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, गिरिधरच्या फोनवर. पट्टा निघाला सहा वाजून नऊ मिनिटांनी. सकाळी जंगलात वाजणारे फोन तिच्यापासून फार लांब होते.

"सकाळीच काढला होता," केतकी म्हणाली. "जंगलात. सव्वाआठला. बरोबरच्या बाईच्या फोनवर माझा कार्यक्रम चालू होता, तो ऐकून. पानावर तसंच आहे. तुम्ही ऐकवलंत तेव्हा पट्टा तिच्या हातात नव्हताच."

तिचा आवाज स्थिर होता. सतरा वर्षांचा सराव होता त्याला.

गिरिधरनं चपला खाली ठेवल्या. मग म्हणाला, "म्हंजे तुमच्यानं गेली."

"हो. माझ्यामुळे."

त्यानं ग्लासातलं सगळं पाणी एका दमात संपवलं आणि निघून गेला.

ही गोष्ट त्यानं गावात सांगितली. मृतांच्या नातेवाइकांची एक समिती होती, तिच्या वकिलानं ती ऐकली. महिन्याभरात केतकीला नोटीस आली. कायद्यात तरतूद होती: प्रसारकानं स्वतःहून दिलेली कबुली अहवालापेक्षा वरचढ, आणि तिच्यावरून संपलेला खटलाही पुन्हा उघडता येई. थेट कार्यक्रम ऐकून पट्टा काढला, मधे कुणीच नाही, म्हणजे वाटा पन्नासाच्या पुष्कळ वर. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

पराते घरी आले. त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. "सील उघडायचा अर्ज आहे. एक सही करा. पान उघडलं की प्रकरण तिथेच संपेल."

"आणि गिरिधर?"

"तो आपला अशील नाही."

केतकीनं कागदाला हात लावला नाही. पराते खुर्ची ओढून बसले. वीस वर्षांची ओळख होती. "ताई, मी वकील म्हणून नाही बोलत. तुम्ही पुन्हा तेच केलंत. एका माणसाला जे ऐकायला बरं वाटेल ते खात्रीच्या आवाजात सांगून टाकलंत. तेव्हाही तपासलं नव्हतं, आताही..."

"आता तपासलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मला खरं काय ते माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं."

"मग हे जास्त वाईट."

"असेल."

श्रीरंग इतका वेळ खिडकीपाशी उभा होता. "तुला शिक्षा हवी होती," तो म्हणाला. "त्या माणसाची दया वगैरे काही नाही. निकाल लागल्यापासून तू माझ्याशी धड बोललेली नाहीस. मी पेढे वाटले याचा तुला राग आहे. सात वर्षं, केतकी. मी साठीला आलोय. माझा विचार केलास?"

तिनं खरोखर आठवून पाहिलं. "नाही केला," ती म्हणाली.

तो त्या दिवसापासून पुढच्या खोलीत झोपायला लागला. दोघं जेवत बरोबर, मीठ-पोळी मागण्यापुरतं बोलत. केतकीला वाटत होतं की आपल्याला वाईट वाटायला हवं. कार्यक्रम बंद झाला होता, तरी सकाळी ती सवयीनं पाचला उठायची, आंघोळ करून तयार व्हायची आणि आठ वाजेपर्यंत पलंगाच्या कडेवर बसून राहायची. आठ वाजून जायचे. मग ती उठून कुकर लावायची.

सुनावणी ऑक्टोबरात झाली. गिरिधर साक्षीला आला, मुलीला घेऊन. लांब वेणीची, गंभीर चेहऱ्याची मुलगी मागच्या बाकावर बसली. गिरिधरनं शपथ घेऊन केतकी जे बोलली होती ते शब्दशः सांगितलं. मग न्यायाधीशांनी केतकीला विचारलं, "तुम्ही असं म्हणालात?"

"हो."

"ते खरं आहे?"

परातेंनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो."

"सील उघडण्याचा अर्ज तुम्ही केलाय का?"

"नाही."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल देऊ म्हणाल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात लाकडी बाक होते. श्रीरंग आला नव्हता. पराते कँटीनकडे गेले. केतकी एकटीच बसली होती, तेव्हा गिरिधर येऊन त्याच बाकावर, दोन हात सोडून बसला. मुलगी नळावर बाटली भरत होती.

"तुमी खोटं बोलल्या," तो समोर बघत म्हणाला.

केतकीनं नळाकडे, मुलीकडे पाहिलं.

"त्या पट्ट्याची कळ दोन बाजूनं दाबा लागे. एका हातानं निघे नाई. तिनं हात पुढं केला, म्हनली, काढून द्या. मीच काढून देल्ला."

"तुम्ही म्हणालात, आठवत नाही."

"आठवत होतं," तो म्हणाला. "तरी इचाराले आलो. वाटलं, कागदात काई दुसरं असंल तर आपलंच चुकलं असंल. तुमी सांगितलं तवा वाटलं, असंल बा. यंत्राले जास्त समजते. चार महिने बरी झोप लागली. पोरीले सांगून टाकलं, आई त्या रेडिओच्या बाईनं गेली. तिनं तुमचा फोटो फाडला, तिच्या आजीनं लावला होता. मले बरं वाटलं."

"मग तसंच राहू द्या," केतकी हळू आवाजात म्हणाली. "मी सही केलेली नाही. करणारही नाही. तुमच्या मुलीला कधी कळणार नाही."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं. "तुमाले काहून वाटलं, मले झेपनार नाई?"



"तवाबी तुमालेच वाटलं होतं," तो म्हणाला. "आमाले काय चांगलं, काय वाईट. आताबी तुमालेच वाटलं. मी इचारलं होतं ना, बाई. मी तिकडून दोन गाड्या बदलून आलो, दारात उभा राहून इचारलं."

तो पुन्हा समोर बघायला लागला.

"तुमी आत गेल्या तर तो खोटेपना माह्या घरात बसंल. पोरीचं लगन होईल, लेकरं होतील, त्याहिले पोरगी तेच सांगंल. आन मले रोज आयकाव लागंल." तो उठला. मुलीला हाक मारली. "चाल वो. कचेरीत एक कागद लिवून द्याचा हाय. तू लिव, माहं अक्षर बरं नाई."

लिपिकाच्या खिडकीशी मुलगी अर्ज लिहायला लागली. बाप मागून सांगत होता. झाकलेले नाव माझे आहे, असं लिव. मुलीचा हात मधेच थांबला. तिनं वळून बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "लिव." तिनं लिहिलं. त्यानं सही केली.

दुपारी निकाल लागला. पान उघडलं गेलं आणि प्रकरण निकालात निघालं. खोटी कबुली दिल्याबद्दल न्यायाधीशांनी केतकीला समज दिली, तशी नोंद करायला सांगितली. गिरिधरविरुद्ध काही चालवता येत नव्हतं. घरात बसून बायकोशी बोललेलं कुठल्याच कलमात येत नव्हतं. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

पराते केतकीला म्हणाले, "चला, घरी सोडतो."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

व्हरांड्यात गिरिधर आणि त्याची मुलगी उभे होते. पानाची प्रत त्याच्या हातात होती. मुलगी त्याच्यापासून चार पावलं लांब, भिंतीला टेकून उभी होती आणि रडत नव्हती. गिरिधरनं कागद केतकीपुढे धरला.

"पोरगी वाचत नाई. मले हे आकडे समजत नाई. तुमी वाचा. हाय तसं वाचा. कमी-जास्त काई करू नका."

केतकीनं कागद घेतला. लोक येत-जात होते. कुणीतरी तिला ओळखून थांबलं आणि पुढे गेलं.

"शेवंता गिरिधर नन्नावरे. वय एकेचाळीस," तिनं वाचायला सुरुवात केली. "क्लिप वाजल्याची वेळ, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटं. फोन पतीचा. पट्टा निघाल्याची वेळ, सहा वाजून नऊ मिनिटं. जवळ दुसरा फोन नाही." तिनं खालची ओळ शोधली. "वाटे, शंभरात. पती, अठ्ठावन्न. प्रसारक, सत्तावीस. इतर कारणं, पंधरा."

"सत्तावीस तुमचे."

"हो."

"अठ्ठावन्न माहे."

"हो."

त्यानं मान हलवली. भिंतीपाशी उभी असलेली मुलगी एक पाऊल पुढे आली. तिच्या हातातल्या बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं, त्यातून पाणी फरशीवर गळत होतं.

"परत वाचा," ती केतकीला म्हणाली. "मला नीट ऐकू नाही आलं."

केतकीनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.